थव्याला राजा नसतो

पंचतंत्रातील मित्रसंप्राप्तीच्या आरंभी येणारी कबुतरांची गोष्ट मराठी वाचकास बालपणापासून ठाऊक असते. व्याधाने तांदूळ पसरून जाळे मांडलेले असते. थवा त्यात सापडतो. चित्रग्रीव हा कपोतराज सर्वांस एकदम उडावयास सांगतो. आणि जाळ्यासह सारा थवा आकाशात उठतो. ग्रंथकर्त्याने ही घटना दक्षिण देशातील महिलारोप्य नगराजवळ घडविली आहे, आणि ते नगर म्हणजे आजच्या चेन्नईतील मयिलापूर असावे असा एक तर्क आहे. तर्क खरा असो वा नसो, त्या गोष्टीतील एक गृहीत मात्र शतकानुशतके माणसाच्या मनात घट्ट बसून राहिले. अनेक जण एक होऊन वागतात, तेव्हा त्यांच्यात आज्ञा देणारा कोणी तरी असलाच पाहिजे, हे ते गृहीत होय. ते कसे ढळले आणि ढळताना चित्रकलेचा व चलच्चित्राचा त्यात कसा हात होता, हे सांगावे म्हणून हा लेख.

यास निमित्त आहे. अलीकडे कलेच्या प्रांतात चलच्चित्राचा एक नवा प्रकार रूढ झाला आहे. त्यात प्रेक्षक पडद्यासमोर बसत नाही. तो चित्राच्या आत शिरतो. अंधाऱ्या दालनाच्या चारही भिंतींवर, क्वचित जमिनीवर व छतावरही, चित्रे हलत असतात आणि माणूस त्यांच्या मधोमध फिरत असतो. या प्रकारास सर्वमान्य मराठी नाव नाही. आम्ही त्यास ‘वेढणारे चलच्चित्र’ म्हणू. अशा दालनात पक्ष्यांचा उडता थवा उतरवावा ही कल्पना देशोदेशींच्या कलावंतांस सुचली आहे. ती चेन्नईत सिद्धीस न्यावयाची झाल्यास तिचा आराखडा कसा असावा, याचा विचार आम्ही येथे इतिहासाच्या अंगाने करीत आहोत. यंत्रे बाजारात मिळतात. काय दाखवावे आणि काय दाखवू नये, हे मात्र इतिहासास विचारलेले बरे.

प्रेक्षकास चित्राने वेढण्याची हौस वाटते तितकी नवी नव्हे. रॉबर्ट बार्कर या चित्रकाराने १७८७ साली वर्तुळाकार चित्राचे एकस्व मिळविले आणि पुढे लंडनच्या लेस्टर स्क्वेअरमध्ये त्यासाठी खास गोल इमारत बांधली. लोक मधल्या चौथऱ्यावर उभे राहत आणि सभोवार शहरे, आरमारे व रणांगणे पाहत. या कलेस युद्ध फार मानवले. १७९९ साली श्रीरंगपट्टण पडले व टिपू सुलतान मारला गेला. पुढल्याच वर्षी रॉबर्ट कर पोर्टर या तरुण चित्रकाराने त्या हल्ल्याचे सुमारे १२० फूट लांबीचे अर्धगोलाकार चित्र लंडनमध्ये मांडले. तो स्वतः हिंदुस्थानात कधी आलेला नव्हता. तरीही आपण तटाखालीच उभे आहोत असा भास प्रेक्षकांस झाला, आणि चित्राचा बोलबाला झाला. वेढणाऱ्या चित्राचे सामर्थ्य व त्याचा दोष हे दोन्ही येथे एकदमच दिसतात. ते पाहणाऱ्यास भारून टाकते; पण जे दाखविले ते तेथे कसे होते, हे विचारण्यास सवड ठेवीत नाही.

त्याच सुमारास, मद्रासपासून सुमारे ७५ किलोमीटरांवर, एका लहानशा खेड्यात अगदी निराळी गोष्ट घडत होती. चेंगलपट्टू जिल्ह्यातील मदुरांतकमजवळच्या या खेड्याचे नाव वेडन्तांगल. तमिळमध्ये त्याचा अर्थ ‘व्याधाची वाडी’ असा सांगतात. गावाचा तलाव जेमतेम ३० हेक्टरांचा. ईशान्य मान्सूनच्या पावसाने तो भरला की पाण्यात उभ्या असलेल्या झाडांवर हजारो पक्षी उतरतात व घरटी बांधतात. मुग्धबलाक, चित्रबलाक, चमचा, रातबगळे, पाणकावळे, कुदळे, पाणकोळी अशा नाना जातींची ती वसाहत असते. पक्ष्यांची विष्ठा तलावात पडते, तेच पाणी भाताच्या खाचरांत जाते आणि पीक जोमाने येते, हे गावकऱ्यांस अनुभवाने ठाऊक होते. अठराव्या शतकाच्या अखेरीस गोरे शिपाई येथे येऊन पक्षी मारू लागले. गावकऱ्यांनी कलेक्टराकडे गाऱ्हाणे नेले. आणि १७९८ साली लायोनेल प्लेस या कलेक्टराने पक्षी राखण्याचा गावाचा हक्क मान्य करणारा कौल त्यांस दिला. पुढे १८५८ साली तो नवा करून देण्यात आला.

‘कौल’ हा शब्द मराठी वाचकास मुद्दाम उकलून सांगण्याची गरज नाही. उजाड गाव वसविताना, पेठ भरविताना, जमिनीस पाणी आणताना राज्यकर्ता रयतेस जो अभयाचा लेख देई, तो कौल. कंपनीच्या अंमलदारांनी हा शब्द येथील जुन्या वहिवाटीतून उचलला. ज्यांचा दिवस सरकारी कचेरीत टिपणे व मसुदे लिहिण्यात जातो, त्या आमच्यासारख्यांस या कौलाचे वेगळेच नवल वाटते. वन्य जिवांविषयी कायदा नव्हता, खाते नव्हते, नियमावली नव्हती. अर्ज होता, अर्जामागे भाताचे पीक होते आणि पिकामागे थवा होता. कलेक्टराने नवा हक्क निर्माण केला नाही. जो गावाचा होताच, तो कागदावर उतरविला. श्रीरंगपट्टणाच्या चित्रासाठी लंडनमध्ये गर्दी लोटली. या कागदाची वार्ता जिल्ह्याबाहेर कितपत गेली असेल कोण जाणे. तथापि आज ते चित्र उरलेले नाही, आणि वेडन्तांगलचे पक्षी दरवर्षी येत आहेत.

योगायोग असा की, त्याच १७९८ साली तंजावरच्या गादीवर सरफोजी राजे बसले. विद्याव्यासंगी राजा म्हणून त्यांची कीर्ती आहेच. त्यांनी आपल्या चिताऱ्यांकडून पशुपक्ष्यांची रंगीत चित्रे काढवून रेसिडेंट बेंजामिन टोरिन यास भेट दिली. तो संग्रह आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. त्या काळच्या अशा संग्रहांतून पक्षी सामान्यतः एकेकटा असतो. पिसांचा रंग, चोचीचा बाक, नखांची ठेवण, सारे काही डोळ्यांत भरेल असे. पण पक्षी स्थिर. आपल्या जुन्या कवींनीही पक्षिसमूह पाहिला तो रांगेच्या रूपात. मेघदूतातील बलाका मेघाखालून पंक्तीने जातात. रांग चितारता येते, मोजता येते, तिला पुढारीही असतो. परंतु जो क्षणात गोळा होतो, क्षणात विखुरतो, धुरासारखा वळतो, तो थवा चिताऱ्याच्या कुंचल्यात सापडत नव्हता. सापडणार तरी कसा? एक पक्षी उडताना पंख नेमके कसे हलवितो, हेच मुळी डोळ्यांस दिसत नाही.

ते दाखविण्यासाठीच चलच्चित्राचे यंत्र प्रथम घडले, ही गोष्ट सहसा विसरली जाते. एतियेन-ज्यूल मारे हा फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ. हृदयाचे ठोके, घोड्याची चाल, पंखांची फडफड अशा साऱ्या हालचाली कागदावर कशा उतरतील याचा त्यास ध्यास. १८८२ साली त्याने बंदुकीच्या आकाराचा एक कॅमेरा बनविला. त्यास दस्ता होता, नळी होती, चाप होता. चाप ओढला की एका सेकंदात १२ छायाचित्रे निघत. इटलीत नेपल्सजवळ तो ही बंदूक पक्ष्यांवर रोखी, पण बार निघत नसे व पक्षी पडत नसे. हे पाहून लोक त्याच्याकडे विस्मयाने पाहत. मिळालेल्या चित्रांवरून त्याने उडत्या पक्ष्याच्या एकामागून एक अवस्थांच्या मूर्ती घडविल्या आणि फिरत्या चक्रात बसवून त्या हलवूनही दाखविल्या. १८९० साली पक्ष्यांच्या उड्डाणावरील त्याचा मोठा ग्रंथ निघाला. ल्युमिएर बंधूंनी पॅरिसमध्ये पैसे घेऊन खेळ दाखविला तो त्यानंतर पाच वर्षांनी. सारांश, ज्या कलेने पुढे जग जिंकले, तिच्या पाळण्याच्या दोऱ्यांत एक दोरी पक्ष्यांच्या पंखांची होती. आणि बंदुकीचे हत्यार हिंसेवाचून वापरता येते, हेही तेथेच दिसून आले.

भिंतीवर प्रकाशाची चित्रे खेळविण्याची कला आपल्याकडेही त्याच सुमारास बहरली होती. कल्याणचे महादेव गोपाळ पटवर्धन व त्यांचे चिरंजीव यांनी १८९२च्या सुमारास ‘शांबरिक खरोलिका’ या नावाने जादूच्या कंदिलाचे खेळ सुरू केले. काचेवर हाताने रंगविलेली चित्रे, एकाहून अधिक कंदील, भराभर सरकविलेल्या काचा, निवेदन व संगीत यांच्या योगाने पुराणांतील पात्रे पडद्यावर हालचाल करीत. मद्रासच्या व्हिक्टोरिया पब्लिक हॉलमध्येही त्या शतकाच्या अखेरच्या वर्षांत हलती चित्रे येऊन पोहोचली. दक्षिणेतील पहिला मूकपट काढणारे मद्रासचे आर. नटराज मुदलियार कॅमेऱ्याचे तंत्र शिकले ते पुण्यास, एका इंग्रज छायाचित्रकाराकडे. तेव्हा या विषयात मराठी मुलूख व मद्रास यांचे देणेघेणे जुने आहे.

मारेने पक्षी पकडला. थवा मात्र सुटाच राहिला. हिवाळ्यात ज्वारीच्या शेतात माळ्यावर उभे राहून ज्यांनी गोफण फिरविली आहे, त्यांस भोरड्यांचा थवा काय चीज आहे हे सांगावयास नको. दगड सुटताच शेकडो पक्षी एका अंगाने उठतात, वळतात व पलीकडच्या वावरात उतरतात. एकमेकांवर आदळत मात्र नाहीत. हे त्यांस जमते कसे? एडमंड सेलूस या इंग्रज पक्षिनिरीक्षकाने या प्रश्नामागे आयुष्य वेचले. त्याचा सख्खा भाऊ फ्रेडरिक हा आफ्रिकेतील नामांकित शिकारी. एडमंडने मात्र मारणे सोडून पाहणे पत्करले. वर्षानुवर्षे टिपणे करून १९३१ साली त्याने जो ग्रंथ लिहिला, त्यात त्याचा निष्कर्ष असा की, पक्ष्यांच्या मनांत विचार एकदमच संक्रांत होत असला पाहिजे. आज हे वाचून हसू येते. परंतु सेलूसने एक मोठे काम केले. थव्यात पुढारी शोधला, प्रामाणिकपणे शोधला, आणि तो सापडत नाही असे स्वच्छ लिहून ठेवले. राजा नाही, तर मग मनांचे गूढ ऐक्य असेल, एवढीच वाट त्यास दिसली.

दुसरी वाट दाखविली ती पुन्हा चलच्चित्राने. वेन पॉट्स या अमेरिकन अभ्यासकाने डनलिन नावाच्या चिमुकल्या किनारपक्ष्यांच्या थव्यांचे चित्रण घेतले व त्यातील चित्र अन् चित्र तपासले. १९८४ साली त्याने दाखवून दिले की, वळण्याची लाट थव्यात कोठूनही सुरू होऊ शकते. ती एका पक्ष्यापासून शेजारच्या पक्ष्यापर्यंत सुमारे १५ सहस्रांश सेकंदांत जाते. उलट एकटा पक्षी दचकून हालचाल करावयास सुमारे ३८ सहस्रांश सेकंद घेतो. म्हणजे पक्षी केवळ शेजाऱ्याच्या हालचालीस उत्तर देत नाही. दुरून येणारी लाट पाहून तो आपला क्षण आधीच साधतो. रंगमंचावर ओळीने नाचणाऱ्या नर्तकी पाय उचलण्याची पाळी जशी येताना पाहतात, तसेच हे आहे, असे त्याने म्हटले.

यानंतर दोनच वर्षांनी क्रेग रेनॉल्ड्स या संगणकतज्ज्ञाने उलट्या बाजूने कोडे सोडविले. थवा पाहण्याऐवजी त्याने तो घडविला. संगणकाच्या पडद्यावरील प्रत्येक लहानग्या आकृतीस त्याने तीन नियम दिले: शेजाऱ्यावर आदळू नये, शेजाऱ्याच्या दिशेने व वेगाने चालावे, आसपासच्यांच्या मध्याकडे राहावे. संपूर्ण थव्याचा नकाशा कोणाजवळच नव्हता. तरीही आकृत्या उडू लागल्या, आणि पाहणाऱ्यांस थवा दिसला. हे काम १९८६चे. त्यावरील निबंध १९८७ साली प्रसिद्ध झाला. १९९२ सालच्या एका बॅटमनपटातील वटवाघळांचे थवे याच युक्तीने उडाले, आणि १९९८ साली रेनॉल्ड्सला ऑस्कर देणाऱ्या अकादमीचे तांत्रिक पारितोषिक मिळाले. आज पडद्यावर जे जे मोठे कळप व थवे दिसतात, त्यांच्या मुळाशी बहुधा या तीन नियमांचा वंश असतो.

तथापि घडविलेला थवा हा खऱ्या थव्याचा पुरावा नव्हे. तो पुरावा रोममध्ये मिळाला. हिवाळ्यात तेर्मिनी रेल्वे स्थानकावरील आकाशात संध्याकाळी साळुंकीच्या कुळातील पक्ष्यांचे प्रचंड थवे घोंगावतात. स्थानकासमोर पलाझ्झो मासिमो हे प्राचीन शिल्पांचे संग्रहालय आहे. त्याच्या गच्चीवर ज्योर्जो पारिझी, आंद्रेआ काव्हान्या, इरेने ज्यार्दिना प्रभृतींनी कॅमेरे परस्परांपासून दूर रोवले आणि २००५ ते २००७ या काळात थव्यांची एकाच क्षणी निरनिराळ्या कोनांतून छायाचित्रे घेतली. त्यांवरून प्रत्येक पक्ष्याचे अवकाशातील स्थान काढले. २००८ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला: पक्षी ठरावीक अंतरातील साऱ्यांकडे लक्ष देत नाही, तो सरासरी सहा-सात निकटच्या शेजाऱ्यांकडेच लक्ष देतो, मग ते जवळ असोत की थवा पांगल्यामुळे जरा दूर असोत. म्हणूनच ससाण्याच्या झडपेने थवा ताणला गेला तरी तुटत नाही. पारिझी यांस २०२१ साली पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक मिळाले, ते गुंतागुंतीच्या व्यवस्थांवरील त्यांच्या एकंदर संशोधनासाठी.

येथे चित्रग्रीवाची कथा संपते. थव्याला राजा नसतो. त्याला शेजारी असतात.

कलावंतांनी या ज्ञानाचे काय केले? अॅम्स्टरडॅमच्या ‘ड्रिफ्ट’ या जोडीने, म्हणजे लोनेके गोर्डाइन व राल्फ नौटा यांनी, प्रथम काचेच्या नळ्यांतील दिव्यांचा थवा घडविला; पाहणारा जवळ आला की दिव्यांची उजेडाची लाट सरकते. पुढे २०१७ साली त्यांनी मायामीच्या समुद्रकिनाऱ्यावर ३०० दिवेधारी ड्रोन पक्ष्यांप्रमाणे उडविले. जपानच्या ‘टीमलॅब’ या मंडळाने २०१४ साली प्रकाशाच्या कावळ्यांचा पाठलाग अनेक पडद्यांवर दाखविला. आपल्या देशात मुंबईच्या नलिनी मलानी यांनी वेढणाऱ्या चलच्चित्राचे मोठे काम केले आहे. २०१२ साली जर्मनीत कासेल येथे मांडलेल्या त्यांच्या कृतीत सहा ठिकाणांहून चलच्चित्रे पडत होती आणि त्यांच्या प्रकाशात चित्रे रंगविलेले पाच पारदर्शक दंडगोल फिरत होते. भिंतींवर चित्र, छाया व प्रेक्षकाची सावली यांची सरमिसळ होत होती. त्या कृतीचा विषय पक्षी नव्हे, स्त्रियांवरील हिंसा होय. पण पटवर्धनांच्या रंगीत काचांशी तिचे नाते ओळखू येते. कर पोर्टरचे चित्र पाहणाऱ्यास विसरावयास लावी. मलानींचे दालन त्यास आठवावयास लावते. योजना करणाऱ्याने या दोहोंतून निवड करावयाची आहे.

आता चेन्नईच्या दालनाकडे वळू. पहिला प्रश्न चित्रणाचा. थवा वेडन्तांगलचाच असावा, आणि तो बांधावरूनच टिपावा. नोव्हेंबरपासून पुढे संध्याकाळी पक्षी चाऱ्यावरून परततात व रातबगळे बाहेर पडतात. येणारे व जाणारे यांची त्या वेळी आकाशात गाठ पडते. रोमप्रमाणे दोन-तीन कॅमेरे अंतर राखून रोवले तर पुरे. घरट्यांवरून ड्रोन उडविण्याचा मोह मात्र कटाक्षाने टाळावा. १७९८ साली ज्या गावाने बंदुकीविरुद्ध दाद मागितली, तेथे घोंघावणारे यंत्र घेऊन जाणे हा त्या कौलाचा भंग होईल, मग हेतू कलेचा का असेना.

दुसरा प्रश्न गतीचा. टिपलेली फीत पुनःपुन्हा फिरविली तर ते दालन म्हणजे गोल भिंतीचे चित्रपटगृह होईल. पंखांची ठेवण व प्रकाश फितीवरून घ्यावा. पण गती रेनॉल्ड्सच्या नियमांनी व रोमच्या सात शेजाऱ्यांच्या हिशोबाने त्या त्या क्षणी घडू द्यावी, म्हणजे कोणतीही दोन उड्डाणे सारखी असणार नाहीत. प्रेक्षक हलला तर साऱ्या थव्याने वळता कामा नये; त्याच्या निकटच्या सहा-सात पक्ष्यांनीच वळावे, आणि तेथून लाट पसरली तर पसरावी. आपल्या एका पावलाने आकाश हलत नाही, पण शेजारी हलतो, एवढे कळले तरी पुष्कळ झाले.

तिसरा प्रश्न जागेचा, आणि आमच्या मते हाच मर्माचा आहे. आपल्याकडे कोणत्याही सभागृहाची पहिली रांग निमंत्रितांची असते, मधली खुर्ची पाहुण्यांची असते, आणि दिवा कोणी लावावा यावर समारंभापूर्वी बराच पत्रव्यवहार होतो. गोल चित्रातही मधला चौथरा मानाचाच होता. तेथून सारे रणांगण जणू प्रेक्षकाच्या ताब्यात येई. थव्याच्या दालनात असा चौथरा नसावा. कोठेही उभे राहिले तरी चित्राचा काही भाग दिसू नये, तो दिसण्यासाठी चालावे लागावे, आणि चालताना इतरांस वाट द्यावी लागावी. प्रकाश अशा उंचीवरून यावा की, प्रत्येकाची सावली भिंतीवर पडेल आणि पक्ष्यांत मिसळेल. राजा नाही ही गोष्ट फलकावर लिहून कळत नाही. दालनाच्या रचनेतच ती असावी लागते.

ध्वनीविषयी थोडके. चित्रपटी संगीत नको. करकोचांस कंठ जवळजवळ नसतोच. ते चोची खडखडवितात. पंखांची सळसळ, तो खडखडाट, पिलांचा कलकलाट आणि मधून बांधावरील माणसांचे बोलणे एवढे पुरे. अधूनमधून दालन पूर्ण काळोखे व नि:शब्द व्हावे.

असे दालन शहरात का हवे, पक्षी प्रत्यक्ष पाहावेत की, असे कोणी म्हणेल. आक्षेप रास्त आहे. चेन्नईकरांस थव्याचे वेड नाही असे नव्हे. रायपेट्टा भागातील कॅमेरे दुरुस्त करणाऱ्या एका गृहस्थांनी २००४च्या त्सुनामीनंतर आपल्या गच्चीवर पोपटांस तांदूळ घालण्यास आरंभ केला. पुढे अनेक वर्षे सायंकाळी हजारो पोपट तेथे उतरत आणि शहर ते पाहावयास येई. परंतु याच शहराच्या दक्षिणेस पल्लिकरणैची पाणथळ भूमी आहे. रोहित, बदके, शेकाट्या, किनारपक्षी यांचे ते हिवाळी माहेर. गेल्या सहा दशकांत वस्त्या, रस्ते, कचेऱ्या आणि पेरुंगुडीचा कचऱ्याचा डोंगर यांनी ती गिळत गिळत मूळच्या सुमारे दशांशावर आणली. २०१५च्या डिसेंबरात पुराचे पाणी घराघरांत शिरले, तेव्हा पाण्यास पसरावयास जागा कोठे गेली हे शहरास कळले. २०२२ साली पल्लिकरणै व वेडन्तांगल या दोहोंस रामसर कराराखाली आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ स्थळे म्हणून मान्यता मिळाली. त्याआधी दोनच वर्षे, २०२० साली, वेडन्तांगलच्या अभयारण्याची पाच किलोमीटर त्रिज्या तीनवर आणावी असा प्रस्ताव पुढे आला होता; त्यास मोठा विरोध झाला. कागदावरील रेघ किती सहज सरकू शकते, हे कचेरीत बसणाऱ्यांस कोणी सांगावयास नको.

म्हणून दालन हवे, पण ते पक्ष्यांचे स्मारक म्हणून नको. जेथे खरा थवा उरलेला नाही तेथे प्रकाशाचा थवा उडविणे म्हणजे श्रीरंगपट्टण न पाहता त्याचे चित्र काढण्यासारखे होय. दालनाच्या दाराशी तमिळमध्ये, आणि सोबत इतर भाषांत, १७९८च्या कौलाची हकीकत लिहिलेली असावी. पक्ष्यांनी शेतास खत दिले व गावाने पक्ष्यांस अभय दिले, एवढी साधी ती देवघेव. खाली पक्षी येण्याचे महिने व मदुरांतकमकडे जाणाऱ्या वाटेची माहिती असावी. बाहेर पडणाऱ्यांपैकी थोड्यांनी जरी ती टिपून घेतली, तरी योजना सफल झाली असे म्हणता येईल.

वेडन्तांगलच्या गावकऱ्यांत कोणी चित्रग्रीव नव्हता. निदान इतिहासाने तसे नाव राखलेले नाही. कौलावर नाव आहे ते कलेक्टराचे. बांधापलीकडच्या घराने आपल्या शेजाऱ्याकडे पाहिले, त्याने आपल्या शेजाऱ्याकडे, आणि पिढ्यान्पिढ्या त्या तलावावर कोणी हात उगारला नाही. व्याधाच्या वाडीने व्याधास अडविले ते असे. सव्वादोनशे वर्षांपूर्वीची ही राखण अजून चालू आहे, आणि पुढची पाळी आपली आहे.